नॅशव्हिल : गीतकारांच्या गावाचा एक अल्बम

१० ऑक्टोबर २०१२. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘नॅशव्हिल’ या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. सुमारे ९० लाख लोकांनी तो पाहिला. कथा ओळखीच्या वळणाची होती. रेना जेम्स ही चाळिशीतली, कारकीर्द उतरणीला लागलेली थोर कंट्री गायिका आणि ज्युलिएट बार्न्स ही तिची जागा घ्यायला निघालेली तरुण, रागीट मुलगी. कर्ज, राजकारण, जुनं प्रेम, सगळं होतं. पण भाग संपायला पाच-सहा मिनिटं राहिली आणि कथा बाजूला सरकली. एका लहानशा कॅफेत काम करणारी स्कार्लेट नावाची पोरगी वहीत कविता लिहिते, कोणाला दाखवत नाही. तिथेच साउंड सांभाळणाऱ्या गनरने तिच्या एका कवितेला चाल लावली आहे. दोघं माइकसमोर उभी राहतात, ती भीत भीत गाऊ लागते. समोर बसलेला एक जुना निर्माता खिशातून फोन काढतो, रेनाला लावतो आणि गाणं संपेपर्यंत तो फोन स्टेजच्या दिशेने धरून ठेवतो.

गाण्याचं नाव ‘इफ आय डिडन्ट नो बेटर’. फोन धरणारा तो म्हातारा म्हणजे जे. डी. साउदर, ‘ईगल्स’ची कित्येक गाणी ज्याने त्यांच्या जोडीने लिहिली तो खराखुरा गीतकार. आणि ज्या गाण्याला मालिकेत स्कार्लेटची कविता म्हटलं होतं ते जॉन पॉल व्हाइट आणि आरुम रे या दोघांनी लिहिलेलं होतं. व्हाइट आणि जॉय विल्यम्स यांची ‘द सिव्हिल वॉर्स’ ही जोडी ते आधीपासून गात होती. जाणकारांना ते ठाऊक होतं, बाकी देशाला नव्हतं. दोन महिन्यांनी, ११ डिसेंबर २०१२ रोजी, ‘द म्युझिक ऑफ नॅशव्हिल’ या नावाने मालिकेच्या पहिल्या पर्वातल्या गाण्यांचा पहिला अल्बम बाजारात आला, तेव्हा ते त्यात होतं.

या अल्बमबद्दल मला लिहावंसं वाटतं ते मालिकेसाठी नाही. मालिका पुढे अपघात, अपहरणं आणि पितृत्वाचे वाद यांत वाहत गेली. पण एका शहरात रोज शेकड्यांनी लिहिली जाणारी आणि पब्लिशरांच्या कपाटात पडून राहणारी गाणी अचानक लाखो घरांत पोचली, ती या मालिकेमुळे. ती का पडून होती आणि बाहेर कशी आली हे समजायला त्या शहराचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

नॅशव्हिल ही टेनेसी राज्याची राजधानी, कंबरलँड नदीच्या काठावरची. इथे संगीत आलं ते विम्याच्या मागून. ‘नॅशनल लाइफ अँड अ‍ॅक्सिडेंट’ ही तिथली विमा कंपनी. मजुरांना आणि शेतकऱ्यांना आठवड्याच्या हप्त्याने पॉलिसी विकायची. ५ ऑक्टोबर १९२५ रोजी तिने स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं आणि त्याला ‘डब्ल्यूएसएम’ हे नाव दिलं, ते कंपनीच्या जाहिरातीच्या घोषवाक्याची आद्याक्षरं जुळवून. लाखोंना आम्ही संरक्षण देतो, असा त्याचा मतलब. २८ नोव्हेंबरला निवेदक जॉर्ज हे याने अंकल जिमी थॉम्पसन या ७७ वर्षांच्या फिडलवाल्याला माइकसमोर बसवलं. म्हाताऱ्याने जुने नाचाचे सूर वाजवले, श्रोत्यांच्या तारांचा पाऊस पडला, आणि शनिवारचा ‘बार्न डान्स’ सुरू झाला. गावोगाव हिंडणाऱ्या विमा एजंटाला दार उघडायला हा कार्यक्रम फार कामाचा होता. ज्यांनी शनिवारी रात्री रेडिओ ऐकला, ते सोमवारी एजंटाला चहा-कॉफी विचारत.

दोन वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, त्याला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव मिळालं. त्या रात्री नेटवर्कवर आधी पाश्चात्त्य अभिजात संगीताचा भारदस्त कार्यक्रम झाला होता. तो संपल्यावर जॉर्ज हे याने डीफोर्ड बेली या तरुणाला पुढे केलं. बेलीने हार्मोनिकावर धावत्या आगगाडीचा आवाज काढला, आणि त्यावर निवेदक हे म्हणून गेला की मघाशी ऑपेरा ऐकलात, आता आमची ‘ऑप्री’ ऐका. बेली हा कृष्णवर्णीय होता आणि त्या काळात ऑप्रीचा फार मोठा तारा होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं गेलं. उरलेलं बरंचसं आयुष्य त्याने नॅशव्हिलमध्ये लोकांचे बूट चमकवून काढलं. कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन तपांनी. कंट्री म्हणजे गोऱ्यांचंच संगीत असं मानणाऱ्यांनी ऑप्रीचं बारसं कोणाच्या हार्मोनिकावर झालं हे लक्षात ठेवावं.

१९४३ पासून ऑप्री रायमन सभागृहात भरू लागली. लाल विटांची ही इमारत १८९२ मध्ये टॉम रायमन या बोटींच्या मालकाने धर्मोपदेशकांच्या सभांसाठी बांधवून घेतली होती. त्यामुळे आजही तिथे खुर्च्या नाहीत, चर्चसारखे लांब बाक आहेत. ११ जून १९४९ रोजी हँक विल्यम्स इथे पहिल्यांदा ‘लव्हसिक ब्लूज’ गायला आणि लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा मागे बोलावलं. तीन वर्षांत दारूपायी त्याला ऑप्रीतून काढलं, आणि १९५३ च्या पहिल्याच दिवशी, वयाच्या २९ व्या वर्षी, मोटारीच्या मागच्या सीटवर तो गेला. ‘नॅशव्हिल’ मालिका लिहिणाऱ्यांना या माणसाचं ऋण ठाऊक होतं. पहिल्या पर्वातल्या भागांना त्यांनी नावं दिली ती हँक विल्यम्सच्या गाण्यांची.

पण नॅशव्हिल खऱ्या अर्थाने गीतकारांचं गाव झालं ते १९४२ नंतर. गायक रॉय अकफ आणि गीतकार फ्रेड रोज यांनी त्या वर्षी ‘अकफ-रोज’ ही संगीत प्रकाशन संस्था काढली. तोवर गाण्यांचे हक्क न्यूयॉर्कला जात. आता खेड्यातून आलेल्या पोराची गाणी विकत घेणारं, सांभाळणारं आणि गायकांपर्यंत पोचवणारं कार्यालय गावातच झालं. पुढे सोळाव्या आणि सतराव्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या जुन्या बंगल्यांत प्रकाशक, रेकॉर्ड कंपन्या आणि स्टुडिओ येऊन बसले. या भागाला ‘म्युझिक रो’ म्हणतात. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ओवेन ब्रॅडलीने एका घराला लष्करी पत्र्याची अर्धगोल शेड जोडून स्टुडिओ केला. १९५७ मध्ये आरसीएचा स्टुडिओ उभा राहिला आणि चेट अ‍ॅटकिन्सने त्यात गाण्यांवर व्हायोलिनांची आणि कोरसची साय चढवली. आपल्याकडे वांद्र्याच्या आणि गोव्याच्या घराघरांत जिम रीव्हज वाजला, अजूनही वाजतो. तो मऊ, कानाशी बोलणारा आवाज याच अ‍ॅटकिन्सच्या हाताखाली, याच शहरात मुद्रित झाला. ‘ही’ल हॅव टू गो’ १९५९ सालचं.

म्युझिक रोवरचं कामाचं वळण साधं आहे. सकाळी दहाच्या सुमारास दोन किंवा तीन गीतकार एका खोलीत भेटतात, गिटार आणि वही घेऊन. गप्पांतून एखादी ओळ सापडते, तिच्याभोवती दुपारपर्यंत गाणं उभं राहतं. त्याचा डेमो होतो. पब्लिशरचा माणूस तो डेमो घेऊन निर्मात्यांचे उंबरठे झिजवतो. एखाद्या गायकाने गाणं ‘होल्ड’वर ठेवलं तर महिनोन्महिने ते दुसऱ्या कोणाला देता येत नाही, आणि शेवटी त्याने नाही म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गाणं रेकॉर्ड झालं तर त्याला ‘कट’ म्हणतात. शंभरातली बहुतेक गाणी कट होत नाहीत. ती वाईट असतात असं मुळीच नाही. ती फार संथ असतात, फार दुःखी असतात, किंवा त्या वर्षी रेडिओला जे हवं असतं तशी नसतात.

अशी गाणी ऐकायला मिळतात ती ब्लूबर्ड कॅफेत. एमी कर्लंड या बाईने १९८२ मध्ये ते सुरू केलं. ग्रीन हिल्स भागात रस्त्यालगतच्या दुकानांच्या रांगेत, बाहेरून पाहिलं तर लक्षातही येणार नाही असं. आत जेमतेम नव्वद माणसं बसतात. १९८५ मध्ये डॉन श्लिट्झ, टॉम शायलर, फ्रेड नॉब्लॉक आणि पॉल ओव्हरस्ट्रीट या चार गीतकारांनी स्टेज सोडलं आणि खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून खुर्च्या मांडल्या. एकाने आपलं गाणं गायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची, मग पुढच्याची पाळी. ऐकणारे त्यांच्याभोवती, इतके जवळ की गिटारवाल्याचं कोपर टेबलावरच्या ग्लासाला लागावं. गाणं चालू असताना बोलायचं नाही हा तिथला कडक नियम. कोणी बोललं की गप्प बसवतात. प्रसिद्ध गायकांनी गाजवलेली गाणी तिथे त्यांचे मूळ लिहिणारे स्वतःच्या फाटक्या आवाजात गातात, आणि कित्येकदा तीच खरी वाटतात. २००८ मध्ये कर्लंडबाईंनी हे कॅफे कोणा हॉटेलवाल्याला न विकता गीतकारांच्या संघटनेच्या हाती दिलं.

मालिकेतलं ते लहानसं कॅफे हेच. टेबलं, भिंतीवरचे फोटो यांसह त्याची हुबेहूब प्रतिकृती स्टुडिओत उभी केली होती.

या शहरावर आधी सिनेमा झाला होता, आणि त्याची सल तिथे बरीच वर्षं राहिली. १९७५ मध्ये रॉबर्ट ऑल्टमनने ‘नॅशव्हिल’ याच नावाचा चित्रपट काढला. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण ऑल्टमनने गाणी लिहायला लावली होती नटांना. एक ‘आय’म ईझी’ सोडलं, ज्याला ऑस्कर मिळालं, तर बाकीच्या बऱ्याचशा गाण्यांनी म्युझिक रोवरचे लोक दुखावले. आमच्या पोटापाण्याच्या धंद्याची थट्टा केली, असं त्यांना वाटलं. चित्रपट मोठा आहे यात शंका नाही, पण ज्या गावात गाणं लिहिणं हा सुताराच्या कामासारखा शिकून घ्यायचा धंदा आहे तिथे हौशी गाणी दाखवून गाव कळत नाही. त्यांचा राग मला रास्त वाटतो.

मग २०१० चा पूर आला. मे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत पडलेल्या पावसाने कंबरलँड फुगली. १९७४ पासून ऑप्री शहराच्या मध्यापासून दूरच्या नव्या वास्तूत भरत होती. तिच्या स्टेजवर जवळजवळ चार फूट पाणी चढलं. त्या स्टेजच्या मध्यभागी रायमनच्या जुन्या फळ्यांचा एक गोल तुकडा बसवलेला आहे, ज्यावर हँक विल्यम्स उभा राहिला होता. तोही बुडाला. नदीकाठच्या एका गोदामात नामांकित वादकांच्या हजारो गिटारी, मँडोलिन, अ‍ॅम्प्लिफायर पाण्याखाली गेले. गोल फळ्या वाळवून, दुरुस्त करून पुन्हा बसवल्या गेल्या आणि सप्टेंबरअखेर ऑप्री पुन्हा सुरू झाली. गावाबद्दल देशाला काहीतरी सांगावं, पर्यटक परत यावेत, ही इच्छा त्या काळात तिथे सगळ्यांनाच होती. ऑप्रीच्या मालक कंपनीत संगीताचा कारभार पाहणारे स्टीव्ह ब्यूकॅनन यांनी नॅशव्हिलवर मालिका व्हावी यासाठी खटपट केली आणि ते तिचे एक निर्मातेही झाले. पूर्वी विमा विकायला रेडिओ आला तसाच आता गाव दाखवायला टीव्ही आला. या शहरात संगीताला असा दुसऱ्या कोणाच्या तरी धंद्याचा हात धरूनच पुढे यावं लागलं आहे, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

मालिका लिहायला घेतली कॅली खुरी यांनी. ‘थेल्मा अँड लुईस’च्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळालेलं. केंटकीत वाढलेल्या खुरी तरुणपणी काही काळ नॅशव्हिलमध्ये राहून वेट्रेसचं काम करत होत्या. स्कार्लेटच्या हातातला ट्रे आला तो तिथूनच असावा. ऑल्टमनची चूक पुन्हा करायची नाही हे त्यांचं ठरलेलं होतं, आणि त्यासाठी लागणारा माणूस घरातच होता. त्यांचे पती टी बोन बर्नेट.

बर्नेट यांचा जन्म १९४८ चा, वाढले टेक्सासमध्ये, सत्तरच्या दशकात बॉब डिलनच्या ताफ्यात गिटार वाजवली. पण त्यांचं खरं काम निर्मात्याचं. २००० सालच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटासाठी त्यांनी डोंगराळ भागातली जुनी गाणी, कैद्यांची गाणी, प्रार्थना अशा जिनसा जमवल्या. रेडिओने त्यांना फारशी जागा दिली नाही, तरी अल्बम एकट्या अमेरिकेत काही दशलक्ष खपला आणि २००२ मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी घेऊन गेला. जेफ ब्रिजेसच्या ‘क्रेझी हार्ट’मधल्या गाण्यासाठी ऑस्करही मिळालं. रेडिओवर न वाजणारं गाणं पडद्याच्या वाटेने लोकांपर्यंत नेता येतं, हे त्यांनी आधीच सिद्ध केलेलं होतं.

या वेळी मात्र जुनी गाणी चालणार नव्हती. दर आठवड्याला दोन-तीन ताजी गाणी हवी होती, आणि प्रत्येक गाणं अमुक पात्राचं, अमुक प्रसंगाचं. रेनाचं गाणं ज्युलिएटला चालत नाही. म्हणून म्युझिक रोवरच्या प्रकाशकांना सांगितलं गेलं की गाणी पाठवा. कपाटं उघडली. रेडिओने परत पाठवलेली, होल्डवरून सुटलेली, आता कोणी घेणार नाही म्हणून लिहिणाऱ्यानेही नाद सोडलेली गाणी बर्नेट आणि त्यांचे साथीदार यांच्यासमोर आली. कथेला हवी होती नेमकी तीच, कारण तिथे माणसं दुखावलेली होती, संसार मोडलेले होते, वय झालेलं होतं. कारखान्यात दोष म्हणून बाजूला ठेवलेला माल इथे पहिल्या प्रतीचा ठरला.

गायचं मात्र नटांनीच. हा धोका मोठा होता. कॉनी ब्रिटन, म्हणजे रेना, ही मुळात अभिनेत्री. क्लेअर बोवेन ऑस्ट्रेलियाची, सॅम पॅलाडिओ इंग्लंडचा. गनर आणि स्कार्लेट या टेनेसीच्या वातावरणातल्या जोडीतलं कोणीच अमेरिकन नाही हे ऐकताना कोणाला खरं वाटणार नाही. डीकन या गिटारवादकाची भूमिका करणाऱ्या चार्ल्स एस्टनने पूर्वी लंडनच्या रंगभूमीवर बडी हॉलीची भूमिका केली होती. कॉलिन लिंडन हा कॅनडाचा गिटारवादक नटांना बोटं कुठे ठेवायची ते शिकवत असे, आणि डीकनची गिटार म्हणून आपल्याला जे ऐकू येतं त्यातलं पुष्कळसं त्याचंच. बर्नेट यांनी आवाजांना पॉलिश केलं नाही. ब्रिटनबाईंचा आवाज मोठा नाही, वरच्या सुरांत तो बारीक होतो. तिथे वाद्यं मागे घेतली आहेत, झाकायला पुढे आणलेली नाहीत. त्यामुळे ‘नो वन विल एव्हर लव्ह यू’ हे तिचं आणि एस्टनचं युगुलगीत दोन थकलेल्या माणसांनी खालच्या आवाजात केलेल्या कबुलीसारखं झालं आहे. ते लिहिलं स्टीव्ह मॅक्यूअन आणि पुन्हा तोच जॉन पॉल व्हाइट यांनी.

अल्बममधलं ‘राँग साँग’ हे अगदी दुसऱ्या टोकाचं. मालिकेत रेकॉर्ड कंपनी रेना आणि ज्युलिएटला एकत्र गायला भाग पाडते. दोघी एकमेकींना पाण्यात पाहतात, तरी एका खोलीत बसून गाणं लिहितात आणि रायमनच्या स्टेजवर ते गातात. सोडून गेलेल्या पुरुषासाठी रडणाऱ्या बाईचं गाणं लोकांना हवं असतं. इथे दोघी सांगतात की रडणं ऐकायला आला असाल तर हे गाणं ते नव्हे. खरं लिहिलं ते सोन्या आयझॅक्स, तिचा नवरा जिमी यिअरी आणि मार्व्ह ग्रीन या तिघांनी. आयझॅक्स ही भजनं आणि ब्लूग्रास गाणाऱ्या घराण्यातली. ग्रीन हा ‘अमेझ्ड’ या प्रचंड गाजलेल्या प्रेमगीताच्या तीन लेखकांपैकी एक. दोन वैरिणींच्या खोलीत जन्मलेलं दाखवलेलं हे गाणं म्हणजे म्युझिक रोवरच्या तिघांची नेहमीची कामगिरी आहे. ज्युलिएटचं झगमगीत ‘टेलिस्कोप’ हिलरी लिंडसे आणि केरी बार्लो यांचं. ‘ट्विस्ट ऑफ बार्बवायर’ तर एल्विस कॉस्टेलोचं, आणि गायलंय ते दूरदर्शन मालिकांतून आलेल्या जोनाथन जॅक्सनने.

‘फेड इनटू यू’ आणि ‘अंडरमाइन’ या दोन गाण्यांपाशी मी जास्त थांबतो. पहिल्याच्या लेखकांत शेन मॅकॅनली आहे, दुसरं केसी मस्ग्रेव्हज आणि ट्रेंट डॅब्स यांचं. २०१२ च्या शरदात ही नावं गावाबाहेर फारशी कोणाला माहीत नव्हती. मस्ग्रेव्हजचं पहिलं मोठं गाणं ‘मेरी गो राऊंड’ नुकतंच आलं होतं, आणि तेही मॅकॅनलीच्या साथीने लिहिलेलं. तिचा पहिला मोठा अल्बम आला पुढच्या मार्चमध्ये. २०१९ मध्ये ‘गोल्डन अवर’साठी तिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पुढच्या दशकात कंट्री गाण्याची भाषा ज्यांनी बदलली त्यांतले दोघं या मालिकेच्या अल्बममध्ये, बारीक अक्षरांत, आधीच हजर होते. ‘अंडरमाइन’ मालिकेत ज्युलिएट आणि डीकन मिळून लिहितात. उद्धट म्हणून आपण जिला मोडीत काढलेलं असतं ती मुलगी या गाण्यात पहिल्यांदा खरी बोलते. ज्युलिएट झालेली हेडन पॅनेटिएर इथे जोर लावत नाही, बाजूला एस्टनचा खर्ज आहे, आणि बोल आहेत ते दुसऱ्याला खाली खेचण्यापेक्षा काहीतरी उभं करणं किती अवघड याबद्दलचे.

अल्बम काढला ‘बिग मशीन रेकॉर्ड्स’ने. हीच ती कंपनी, जिच्या स्कॉट बोर्चेटाने टेलर स्विफ्टला ब्लूबर्डमध्येच ऐकून करारबद्ध केलं होतं. मालिका सुरू झाली त्याच ऑक्टोबरात स्विफ्टचा ‘रेड’ आला आणि पहिल्या आठवड्यात बारा लाखांवर खपला. त्यात पॉप उघडउघड शिरलं होतं. म्हणजे एकाच छपराखालून एका तिमाहीत दोन रस्ते निघाले. एक स्टेडियमकडे जाणारा, दुसरा नव्वद खुर्च्यांच्या खोलीतून आलेला. मालिकेची गाणी त्या-त्या आठवड्याला आयट्यून्सवरही मिळत. रात्री भाग संपला की लोक झोपायच्या आधी गाणं विकत घेत. रेडिओच्या निर्णयाची वाट पाहायची गरजच उरली नाही.

आणि रेडिओला त्या वर्षांत वेगळंच वेड लागलं होतं. पिकअप गाडी, बिअर, नदीकाठ आणि तंग जीन्सची पोरगी, एवढ्या सामानावर तरुण पुरुष गायक एकामागून एक गाणी देत होते. २०१३ मध्ये एका समीक्षकाने त्याला ‘ब्रो-कंट्री’ असं नाव पाडलं. बायकांची गाणी वेळापत्रकातून हटत गेली. मे २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने जाहीरपणे सांगितलं की दोन बायकांची गाणी पाठोपाठ लावू नका, श्रोते जातात. कंट्रीच्या सॅलडमध्ये गायिका म्हणजे टोमॅटो. त्यावर मोठं वादळ उठलं. पण त्याआधी तीन वर्षं घरोघरच्या टीव्हीवर कंट्रीच्या केंद्रस्थानी दोन बायकाच उभ्या होत्या आणि लोक त्यांची गाणी पैसे देऊन घेत होते. सल्लागारांना याचा अर्थ का कळला नाही, हे मला आजही कळत नाही.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक गाण्यामागे लेखन-हक्काचे ९.१ सेंट मिळत; २००६ पासून तोच दर होता. तीन लेखक असले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन सेंट, आणि त्यातून पब्लिशरचा हिस्सा वजा. पूर्वी एखाद्या अल्बमवर आपलं एक गाणं गेलं तरी, ते रेडिओवर वाजो न वाजो, अल्बमच्या खपावर घराचा हप्ता निघत असे. सुट्या गाण्यांची विक्री आणि मग स्ट्रीमिंग आल्यावर ते संपलं. म्युझिक रोवरच्या किती तरी पगारी गीतकारांचे करार गेले, बंगले पाडून अपार्टमेंट उठली. अशा वेळी मालिकेने वर्षाला डझनावारी गाणी रीतसर मोबदला देऊन घेणं म्हणजे दुष्काळात रोजगार हमीचं काम निघण्यासारखं होतं. मालिकेने शहराला पर्यटक दिले, ब्लूबर्डच्या दारात रांगा लावल्या, हे सगळे सांगतात. गीतकारांची भाडी भरली हे त्याहून मोलाचं.

पहिल्या पर्वानंतर बर्नेट बाहेर पडले. सूत्रं आली बडी मिलर यांच्याकडे. ते पहिल्यापासून या कामात होते आणि नॅशव्हिलमध्ये आपल्या घरातच स्टुडिओ थाटून बसलेले मोठे गिटारवादक आहेत. मागून टिम लॉअर आले. लेनन आणि मेझी स्टेला या कॅनडाच्या दोन चिमुरड्या बहिणी रेनाच्या मुली झाल्या होत्या. त्यांच्या जुळलेल्या आवाजांनी पुढच्या पर्वांना हात दिला. मंडळींनी गावोगाव, ब्रिटनमध्येही, मैफली केल्या. पुढचे अल्बम आले तसे कमी-जास्त दर्जाचे आले. मे २०१६ मध्ये एबीसीने मालिका बंद केली, चाहत्यांनी गिल्ला केला, तेव्हा सीएमटी वाहिनीने ती उचलली आणि आणखी दोन पर्वं चालवली. २६ जुलै २०१८ रोजी १२४ वा, शेवटचा भाग झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत संगीत-हक्कांचा नवा कायदा झाला आणि त्यातून पुढे स्ट्रीमिंगचं लेखन-मानधन गोळा करून वाटणारी नवी संस्था स्थापन झाली. तिचं कार्यालय नॅशव्हिलमध्ये आहे.

माझ्या मते ‘ओ ब्रदर’ हा बर्नेट यांचा अधिक थोर अल्बम. त्यात शंभर वर्षांची माती आहे. पण जिवंत गीतकारांना त्यांच्या हयातीत ऐकवण्याचं जे काम ‘द म्युझिक ऑफ नॅशव्हिल’च्या या पहिल्या अल्बमने केलं ते त्याने केलं नव्हतं. मालिका पाहिली नसेल तरी काही अडत नाही. ‘अंडरमाइन’पासून सुरुवात करा, मग ‘इफ आय डिडन्ट नो बेटर’ ऐका, आणि प्रत्येक गाण्याखाली लेखकांची नावं उघडून वाचा. पडद्यावर ती कुठेच दिसली नव्हती.